धागा: डिलिव्हरीची तारीख निवडायचं प्लगिन टाकू का? टाकायच्या आधी तुम्ही काय काय बघता?

आमसूल | १८ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज विचारायचंय म्हणून पहिलाच धागा. आमची देवगडजवळ हापूसची बाग आहे, चार वर्षं झाली पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो, वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यातली दुकानाची सोय) टाकून साईट केलीय. ऑर्डर आली की मीच फोन करून विचारायचे कुठल्या आठवड्यात पाहिजे, पण गेल्या सीझनला दिवसाला साठ साठ फोन झाले, घसा बसला अक्षरशः. म्हणून चेकआउटलाच माणसानं तारीख निवडावी असं एक फुकटचं प्लगिन, म्हणजे साईटला जोडायचा जादा भाग, शोधलंय, वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतलंच (त्यांच्या स्वतःच्या प्लगिनच्या यादीतलं) आहे, बाहेरचं नाही. आठ हजाराच्या वर साईटवर चालू आहे, रेटिंग ४.७, कॅलेंडर दिसायलाही गोड आहे.

पण पानावर वरतीच पिवळी पट्टी आहे की वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या व्हर्जनवर हे तपासलेलं नाही. खाली ६.३ पर्यंत तपासलंय असं लिहिलंय, आता तर ६.७ चालू आहे. शेवटचं अपडेट १ वर्षापूर्वी. टाकू की नको? साईटवर सातशे-आठशे लोकांचे पत्ते नि फोन नंबर आहेत म्हणून पोटात गोळा येतो. कोडिंग मला येत नाही, येतं ते एवढंच की मागच्या वर्षी फूटरचा रंग बदलताना अख्खी साईट पांढरी करून ठेवली होती.

साडेतीन_टक्के | रात्री १०:०५

एवढा विचार कशाला ताई. आठ हजार लोक येडे आहेत का? ४.७ आहे म्हणजे चांगलंच असणार. बॅकअप घ्या, टाका, नाही जमलं तर काढा. माझ्या साईटवर बावीस प्लगिन आहेत, सहा वर्षांत काही झालं नाही. फारच धाकधूक असेल तर वरून एक सिक्युरिटीचं प्लगिन टाका, ते बघून घेईल.

फिरकी_तांब्या | रात्री १०:११

प्लगिनवर लक्ष ठेवायला प्लगिन. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोण, सासूबाई?

रात्रपाळी | १९ जानेवारी, पहाटे २:१५

एका होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला आहे, कंपनीचं नाव विचारू नका, रात्रभर 'साईटवर भलतंच काहीतरी दिसतंय' वाली तिकिटं बघतो, त्यामुळे जिव्हाळ्याचा विषय.

@साडेतीन, 'काही झालं नाही' म्हणू नका, 'मला दिसलं नाही' म्हणा. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगिन होतं, दोन लाख साईटवर. २०१७ मध्ये मूळ लेखकानं ते १५ हजार डॉलरला विकलं. ज्यानं घेतलं त्यानं अपडेटमधून चोरदरवाजा बसवला आणि लोकांच्या साईटवर स्वतःची स्पॅम पानं छापायला लागला. यातली खरी चलाखी अशी की जो लॉगिन करून बसलाय त्याला ती पानं दिसायचीच नाहीत. म्हणजे मालक रोज डॅशबोर्ड उघडतोय, साईट बघतोय, सगळं झकास, आणि बाहेरून येणाऱ्याला भलताच बाजार. डिरेक्टरीतून काढलं, परत आलं, परत काढलं, असा खेळ होत होत सप्टेंबरात कायमचं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात कॅप्चा नावाचं प्लगिन, तीन लाख साईट, तिथेही मालक बदललेला आणि तिथेही चोरदरवाजा. आता सांगा रेटिंगचं काय करायचं? रेटिंग जुन्या मालकाच्या कष्टाचं, चावी नव्याच्या हातात.

आणि मुळातली गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. फोनमधलं अ‍ॅप कसं विचारतं, कॅमेरा देऊ का, कॉन्टॅक्ट देऊ का. वर्डप्रेसमध्ये तो प्रकारच नाही. प्लगिन चालू केलंत की ते साईटचंच झालं, ऑर्डरींची यादी, कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड, नवा अ‍ॅडमिन तयार करायचा अधिकार, सगळं त्याला न विचारता. तारीख निवडायचं असो नाहीतर डिसेंबरात पानावर बर्फ पाडणारं असो, अधिकार सारखेच. त्यामुळे 'छोटंसंच तर आहे' हे डोक्यातून काढा.

मी असं करतो: त्या पानावर रेटिंगकडे बघतच नाही, आधी सपोर्टचा टॅब उघडतो. लोकांनी विचारलेलं कोणी उत्तर देतंय का, की सहा महिने प्रश्न तसेच पडलेत. मग चेंजलॉग, म्हणजे कुठल्या व्हर्जनला काय बदललं ते. मग एका स्टारवाले रिव्ह्यू, पाचवाले नाही. मग प्लगिनचं नाव वर्डफेन्स नि पॅचस्टॅक या सुरक्षा कंपन्यांच्या यादीत घालून बघतो की आधी काही भोक सापडलं होतं का आणि सापडल्यावर बुजवायला किती दिवस लागले. भोक सापडणं वाईट नाही हो, वाईट आहे ते तसंच ठेवणं.

निवृत्त_कॅशियर | सकाळी ७:३०

रात्रपाळी, छान माहिती. माझा बाळबोध प्रश्न, हे डिरेक्टरीवाले स्वतः तपासणी करत नाहीत का? आमच्या बँकेत साधा लॉकर द्यायचा तरी दोन सह्या नि ओळख लागायची.

बे_एरियातली_सूनबाई | सकाळी ९:०२ (माझी रात्र)

करतात काका, पण पहिल्यांदा. नवं प्लगिन आलं की त्यांची टीम कोड वाचते, चुका दाखवते, मग आत घेते. त्यापुढची अपडेट लेखक स्वतः चढवतो आणि ती थेट तुमच्या डॅशबोर्डवर येऊन पडतात. लग्नाआधी मुलाची चौकशी केली, पुढची पंधरा वर्षं कोण बघायला जातंय.

आणि मालक बदलायलाच पाहिजे असंही नाही. गेल्या जूनमध्ये, २०२४ च्या, सोशल वॉरफेअर आणि आणखी काही प्लगिनमध्ये असाच वाईट कोड घुसला, लेखक तेच होते, भले लोक. झालं काय तर त्यांनी दुसरीकडे कुठेतरी वापरलेला पासवर्डच इथेही ठेवला होता, तो दुसरीकडून फुटला, चोरानं तो घेऊन अपडेट चढवलं, आणि त्या अपडेटनं लोकांच्या साईटवर गुपचूप एक नवा अ‍ॅडमिन तयार केला, नाव ठेवलं 'ऑप्शन्स'. यादीत बघितलं तरी माणसाला वाटावं सिस्टिमचंच काहीतरी असेल. त्यानंतर १ ऑक्टोबरपासून प्लगिनच्या लेखकांना टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) सक्तीचं केलं.

सिक्युरिटीच्या प्लगिनबद्दल: रिअली सिम्पल सिक्युरिटी, चाळीस लाख साईट, दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, त्यातच भोक सापडलं. आणि कशात, तर टू-फॅक्टर लॉगिनमध्ये! कोड तपासणी करायचा, तपासणी फसली तरी तिकडे दुर्लक्ष करून पुढे जायचा, त्यामुळे नुसता युजरचा नंबर माहीत असला की पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन म्हणून आत. टू-फॅक्टर चालू केलेल्यांनाच धोका, म्हणजे ज्यांनी जास्त काळजी घेतली त्यांनाच. शेवटी ९.१.२ हे दुरुस्त व्हर्जन लोकांच्या साईटवर वरूनच ढकलायला लागलं. तर सिक्युरिटीचं प्लगिन टाकू नका असं नाही म्हणत, पण तेही प्लगिनच आहे.

फिरकी_तांब्या | सकाळी ९:२०

वॉचमनच कुलूप उघडं ठेवून चहाला गेला.

साडेतीन_टक्के | सकाळी ११:४५

ओके ओके मान्य. पण एक बाजू सांगू का, जुनं अपडेट म्हणजे लगेच वाईट असंही नका धरू. माझ्याकडे एक आहे, पानाच्या तळाला नुसती तारीख दाखवतं, चाळीस ओळींचा कोड, त्यात दर महिन्याला काय बदलणार? आणि उलट ज्याला दर आठवड्याला अपडेट येतंय तिथे दर आठवड्याला काहीतरी नवीन मोडूही शकतं ना.

रात्रपाळी | दुपारी १:१०

बरोबर, हा मुद्दा मान्य. चाळीस ओळींचं चालतं. पण ताईंचं प्लगिन गिऱ्हाइकानं टाइप केलेलं घेतंय, डेटाबेसमध्ये लिहितंय, अ‍ॅडमिनला यादी दाखवतंय. बाहेरच्या माणसाचा हात जिथे आत पोचतो तिथे जुनं चालत नाही.

कुंदा_नागपूर | दुपारी ३:३३

मी काय म्हणते, याचंच एक पैशाचं प्लगिन आहे ना, साडेचार-पाच हजाराचं, ते टेलिग्रामच्या एका ग्रुपवर फुकटात मिळून राहिलं. लायसनची अट काढून टाकलेलं. पैशाचं आहे म्हणजे कोड चांगलाच असणार, सेम झिप आहे म्हणतात.

रात्रपाळी | दुपारी ३:५०

कुंदाताई हात जोडतो. सेम झिप असती तर तो माणूस एवढा उपद्व्याप कशाला करेल, समाजसेवा म्हणून? अशी लायसनची अट काढून टाकलेली थीम (साईटचं रूप ठरवणारी) नि प्लगिन हाच डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या मालवेअरचा, म्हणजे घातक कोडचा, धंदा होता, एका थीमसोबत आत यायचं आणि मग बाकीच्या सगळ्या थीमच्या फाइलमध्ये स्वतःला चिकटवून घ्यायचं, एक साफ केली की दुसरीतून परत. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, साड्यांचं दुकान, त्यांनी असंच कुठूनतरी स्लायडर (सरकती चित्रं दाखवणारं प्लगिन) आणला. तीन महिन्यांनी फोन, गूगलवर आमचं दुकान शोधलं की खाली जपानी अक्षरं येतायत. बघितलं तर साईटच्या नावावर हजारो जपानी पानं, घड्याळं नि पर्स विकणारी. साफ करायला एक दिवस लागला, गूगलमधून ती पानं जायला दोन महिने, आणि मधली सगळी दिवाळी गेली.

कुंदा_नागपूर | दुपारी ३:५८

बाप्पा. नाही टाकत.

आमसूल | १९ जानेवारी, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, सकाळपासून सगळं वाचतेय. रात्रपाळी तुम्ही सांगितलंत तसं बघितलं. सपोर्टमध्ये शेवटचे नऊ प्रश्न आहेत, एकालाही उत्तर नाही. चेंजलॉगमध्ये शेवटच्या दोन व्हर्जनला 'मायनर फिक्सेस' एवढंच. एका स्टारवाले चार आहेत, तिघांची तक्रार कॅलेंडर मोबाइलवर उघडत नाही अशी, आणि एकानं लिहिलंय की माझ्या गिऱ्हाइकांना अनोळखी नंबरवरून मेसेज येतायत, प्लगिनचा काही संबंध आहे का? त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही. वर्डफेन्सच्या यादीत मात्र याचं नाव नाहीच. हे चांगलं की वाईट?

बे_एरियातली_सूनबाई | २० जानेवारी, सकाळी ८:४०

चांगलंही नाही नि वाईटही नाही. यादीत नाव नाही म्हणजे कुणी खोलात बघितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. तो शेवटचा रिव्ह्यू मला बरा वाटत नाहीये. प्लगिनचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे नको. वीकेंड आहे अजून इकडे, झिप उतरवून बघते.

आमसूल | सकाळी ८:४४

पाठवलं. तुम्हाला एक पेटी लागू!

बे_एरियातली_सूनबाई | सकाळी ११:२५

बघितलं. मोठं लिहितेय, सहन करा. (कोडमधली नावं देवनागरीत लिहितेय, मोबाइलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

झिपमध्ये अकरा पीएचपी (वर्डप्रेसचा कोड ज्या भाषेत असतो ती) फाइल. आधी शोधलं इव्हॅल, बेस सिक्स्टीफोर डिकोड, जीझेड इन्फ्लेट. ही नावं दिसली की कोड मुद्दाम गुंडाळून लपवलाय का ते तपासायचं, डिरेक्टरीच्या नियमात लपवलेला कोड चालतच नाही. यात काहीच नाही, स्वच्छ. मग बाहेरच्या कुठल्या सर्व्हरशी बोलतंय का, तेही नाही. म्हणजे लेखक चोर नाही, हे नक्की.

मग शोधलं 'नोप्रिव्ह'. प्लगिन जेव्हा पडद्यामागून काही काम करतं तेव्हा ते काम दोन प्रकारे नोंदवता येतं, एक फक्त लॉगिन केलेल्यांसाठी आणि एक कुणाहीसाठी, तो दुसरा म्हणजे नोप्रिव्ह. गिऱ्हाईक लॉगिन न करता तारीख निवडतं, त्यामुळे कॅलेंडरसाठी ते लागणारच, त्यात चूक नाही. पण याच्यात तीन कामं तशी नोंदवलीत, आणि तिसरं आहे 'डिलिव्हरीची यादी एक्सेलला काढा'. हे बटण खरं तर अ‍ॅडमिनच्या पानावर आहे. लेखकानं बहुतेक वरच्या दोन ओळी कॉपी करून तिसरी केली आणि नोप्रिव्ह तसंच राहिलं. बरं राहिलं तर राहिलं, आत गेल्यावर 'हा माणूस अ‍ॅडमिन आहे का' एवढं विचारलं असतं, म्हणजे करंट यूजर कॅन ची एक ओळ, तरी वाचलं असतं. ती ओळ नाही. नॉन्स तपासणीही नाही, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आलीय का तेही बघत नाही.

म्हटलं खात्री करू. लॅपटॉपवर रिकामी साईट उभी केली, वूकॉमर्स टाकलं, हे प्लगिन टाकलं, एक खोटी ऑर्डर केली, नाव बंडू, फोन नंबर सगळे नऊ. मग वेगळ्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडली, लॉगिन काही नाही, आणि त्या कामाचा पत्ता हातानं टाइप करून एंटर मारला. खाली फाइल डाउनलोड झाली. उघडली तर बंडू, नऊ नऊ नऊ, पत्ता, तारीख, ऑर्डरची रक्कम.

निवृत्त_कॅशियर | सकाळी ११:४०

म्हणजे कोणीही??

बे_एरियातली_सूनबाई | सकाळी ११:४२

कोणीही काका. पत्ता माहीत असला की झालं, आणि पत्ता प्लगिनच्या कोडमध्येच लिहिलेला आहे, कोड सगळ्यांना उघडा आहे.

साडेतीन_टक्के | सकाळी ११:५०

नाव सांगा ना मग, लोकांना कळू दे!

बे_एरियातली_सूनबाई | दुपारी १२:०५

नाही सांगणार. आठ हजार दुकानं आहेत त्या प्लगिनवर, नाव इथे टाकलं तर दुकानदाराच्या आधी चोर वाचेल. डिरेक्टरीच्या प्लगिन टीमला मेल केलाय, लेखकालाही केलाय. लेखकानं दुरुस्त केलं तर उत्तम, नाहीतर ते डिरेक्टरीतून बंद करतील. पण हेही लक्षात ठेवा की डिरेक्टरीत प्लगिन बंद झालं तरी ज्यांच्या साईटवर ते आधीच आहे त्यांच्या डॅशबोर्डवर काही घंटा वाजत नाही, अपडेट यायचं थांबतं एवढंच. म्हणून आपल्याकडची जी प्लगिन आहेत त्यांची डिरेक्टरीतली पानं अधूनमधून उघडून बघायची.

रात्रपाळी | दुपारी २:२०

दंडवत घ्या सूनबाई. आणि ज्यांना कोड कळत नाही त्यांनी निराश होऊ नये, ताईंनी कोड न वाचता नऊ प्रश्न नि एक रिव्ह्यू शोधला, तिथेच उत्तर अर्धं मिळालं होतं. शिवाय डिरेक्टरीत बऱ्याच प्लगिनच्या पानावर लाइव्ह प्रिव्ह्यूचं बटण असतं, ते तुमच्या ब्राउझरमध्येच तात्पुरतं वर्डप्रेस उभं करतं, साईटला हात न लावता दिसतं कसं ते बघता येतं. त्यानं सुरक्षितता कळत नाही, पण नुसतं बघायला म्हणून खऱ्या साईटवर टाकणं तरी वाचतं.

एक राहिलं. बघून आवडलं नाही म्हणून प्लगिन नुसतं बंद करून ठेवू नका, डिलीट करा. २०२० साली फाइल मॅनेजर नावाच्या प्लगिनचं भोक निघालं, सात लाख साईट होत्या. त्यात दुसऱ्या एका लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) नमुना फाइल होती, शेवटी डॉट डिस्ट असं शेपूट, शेपूट असेपर्यंत सर्व्हर ती चालवत नाही. यांनी शेपूट काढून टाकलं. झालं, त्या फाइलला बाहेरून कुणीही हाक मारायची आणि हवी ती फाइल साईटवर चढवायची. प्लगिन बंद असलं तरी फाइल सर्व्हरवर पडलेलीच, तिला थेट हाक मारता येतेच. बंद म्हणजे नाही असं नसतं.

आमसूल | २० जानेवारी, रात्री ९:३०

आई गं. वाचून आधी प्लगिनच्या यादीत गेले. बंद करून ठेवलेली सात निघाली, त्यातली तीन कधी टाकली तेही आठवत नाही. सगळी उडवली. मग युजरच्या यादीत गेले तर चार अ‍ॅडमिन! एक मी. एक ज्या मुलानं साईट बनवली तो, तो आता बंगलोरला असतो. एक माझाच जुना, पासवर्ड विसरले होते तेव्हा नवा केला होता. आणि चौथा 'सपोर्ट टेंप'. दोन वर्षांपूर्वी बॅकअपच्या प्लगिनवाल्यांनी मागितलं म्हणून मीच करून दिला होता आणि विसरले. तेव्हापासून कुणाच्यातरी हातात माझ्या साईटची चावी आहे आणि मी इकडे कॅलेंडरची चौकशी करत बसलेय.

तिघांना काढलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे हो, तारखेचं काय करू? यंदा मोहोर बरा आहे, परत फोन सुरू झाले तर माझं काही खरं नाही.

बे_एरियातली_सूनबाई | २१ जानेवारी, सकाळी ७:५५

तुम्हाला तारीखच पाहिजे का? आंबा काय अमुक मंगळवारी पिकतो असं सांगता येतं का? तुम्ही फोनवर विचारायचात ते 'कुठल्या आठवड्यात'.

आमसूल | सकाळी ८:१०

हो आठवडाच. तारीख दिली तर उलट पंचाईत, गाडी चुकली की भांडण.

बे_एरियातली_सूनबाई | सकाळी ८:२५

मग प्लगिनच नको. वूकॉमर्समध्ये टी-शर्टला कसं स्मॉल, मीडियम, लार्ज असतं, ते व्हेरिएशन. पेटीला साईझच्या जागी आठवडे द्या, एप्रिल पहिला, एप्रिल दुसरा, असं मेपर्यंत. प्रत्येक आठवड्याला स्टॉक वेगळा टाकता येतो. त्या आठवड्यात साठच पेट्या निघणार असतील तर साठ टाका, संपल्या की तो आठवडा आपोआप बंद. नवा कोड शून्य.

रात्रपाळी | सकाळी ८:३१

हे माझ्या डोक्यात का नाही आलं. झोपतो आता.

निवृत्त_कॅशियर | सकाळी ९:००

आणि पत्ते किती वर्षांचे साठवून ठेवलेत तेही बघा. डेटा संरक्षण कायद्याचे मसुदा नियम याच ३ जानेवारीला आलेत, मी पेपरात वाचले. चार वर्षांपूर्वी एकदाच पेटी घेतलेल्या माणसाचा पत्ता कशाला हवा? जे कपाटात नाही ते चोरीला जात नाही.

आमसूल | २३ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

जमलं!! सात आठवडे टाकले, प्रत्येकाला स्टॉक. दोन तास लागले त्यातला एक तास मराठीत 'दुसरा आठवडा' बटणात मावत नव्हतं म्हणून. मोबाइलवर उघडून बघितलं, नीट दिसतंय. दोन हंगामांपूर्वीच्या ऑर्डरींमधली नावंपत्तेही काढून टाकली, वूकॉमर्समध्येच सोय आहे त्याची. सूनबाई, तुमची पेटी पुण्याला तुमच्या आईकडे पाठवते, अमेरिकेला आमचा टेम्पो जात नाही.

निवृत्त_कॅशियर | संध्याकाळी ६:४५

अभिनंदन! मी आत्ताच एप्रिलचा दुसरा आठवडा, एक पेटी, ऑर्डर टाकली. मिळाली का? कन्फर्म करायला तुम्हाला फोन करू का?

आमसूल | संध्याकाळी ६:४६

काकाऽऽऽ